भाऊजींचा प्रश्न अर्धा बरोबर आहे

पत्र

डॉक्टर,

मला सातवा महिना संपत आलाय. हे दुसरं बाळ. घरात यजमान, साडेचार वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि धाकटे दीर. सासूबाईंची केमोथेरपी चालू आहे, तीन फेऱ्या झाल्या, तीन बाकी आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या. आम्ही दोघं तयार आहोत. दीर म्हणतात, "कोविडची घेतली होती, तरी मला झाला आणि माझ्यामुळे दादालाही झाला. लस घेतली म्हणजे मी घरात काही आणणार नाही, असं कोणी लिहून देईल का? देत असेल तर घेतो." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी चिडून काहीतरी बोलले आणि आता आमचं बोलणं बंद आहे.

दुसरं असं, की मुलाचे गोवर-गालगुंड-रुबेलाचे आणि कांजिण्यांचे पुढचे डोस बाकी आहेत. ओळखीच्या एकीने सांगितलं की या जिवंत लसी असतात, मुलाच्या अंगातून आजीला लागतील, आणि पोटातल्या बाळालाही धोका. म्हणून दोन महिने झाले, मी ते टाळतेय. मुलगा रोज रात्री आजीजवळ झोपतो.

माझं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. डांग्या खोकल्याची लस मागच्या बाळंतपणाच्या वेळी घेतली होती, परत लागते का?

आणि शेवटचं, जरा लाजत विचारते. बाळ झाल्यावर दिरांनी लस घेतली नसेल तर त्यांच्या हातात बाळ द्यायचं की नाही?

— मधल्या खोलीतली

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी शेजारच्या कागदावर तुमच्या घराचा नकाशा काढला. एका टोकाला सासूबाईंची खोली, दुसऱ्या टोकाला भाऊजींची, मध्ये तुमची. मग तुमच्या लेकाची रेघ ओढली. सकाळी शाळा, दुपारी तुम्ही, संध्याकाळी काका (हा माझा अंदाज, पण साडेचार वर्षांच्या मुलाला घरात काका असेल तर तो त्याच्या पाठीवरच असणार), रात्री आजीची कूस. भाऊजींवरून तुमच्याकडे एवढं रामायण झालं, पण त्या कागदावर सगळ्यात जास्त फिरलेली रेघ त्यांची नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी तुमचं स्वतःचं, कारण तिथे दिवस मोजके आहेत.

हे वाचून झालं की तुमचं कार्ड काढा आणि "धनुर्वाताचं इंजेक्शन" म्हणजे नेमकं काय दिलंय ते बघा. नुसती धनुर्वाताची किंवा धनुर्वात-घटसर अशी दुहेरी लस वेगळी आणि त्यात डांग्या खोकला मिळवलेली तिहेरी लस वेगळी. या तिहेरी लसीला टीडॅप म्हणतात. बोलताना मात्र दोन्हीला "धनुर्वाताचं" म्हणून मोकळे होतात, आम्ही डॉक्टरसुद्धा. कार्डावर टीडॅप दिसली नाही तर ती राहिली आहे असं धरा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला. नुसती धनुर्वाताची नुकतीच झाली असली तरी टीडॅप घेता येते.

मागच्या वेळी घेतलेली लस त्या बाळाच्या कामी आली. या बाळासाठी पुन्हा घ्यायची. प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तुमच्या रक्तातून वारेमार्फत बाळाकडे जातात, आणि तुमच्या रक्तातली त्यांची पातळी एवढ्या वर्षांत उतरलेली असते. २७ ते ३६ आठवडे हा त्यासाठीचा काळ. लस टोचल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला दोनेक आठवडे जातात आणि मग ती पलीकडे पोचायलाही वेळ लागतो, म्हणून छत्तिसाव्या आठवड्याची वाट बघू नका. ब्रिटनमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याने तान्ही बाळं दगावायला लागली, तेव्हा ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना ही लस द्यायला सुरुवात झाली. पुढे तपासलं तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये तिचा परिणाम ९० टक्क्यांच्या आसपास निघाला. फ्लूची लस तुम्ही घेणारच आहात. तिचंही असंच. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याच्या वाट्याला येतं ते तुमच्याकडून गेलेलं संरक्षण.

डांग्या खोकल्यावर मी एवढी का अडून बसले, ते सांगते. मला डॉक्टर होऊन वर्षभर झालं असेल. तीन आठवडे खोकला होता. ताप नाही, कफ नाही, रात्री तेवढी उबळ यायची. घसा धरलाय, असं स्वतःचं निदान स्वतःच करून टाकलं. तशीच सुट्टीला बहिणीकडे गेले. तिची मुलगी पाच आठवड्यांची होती. दोन दिवस मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. आठ-दहा दिवसांनी रात्री बहिणीचा फोन आला. "खोकला नाहीये गं, पण दूध पिता पिता मध्येच थांबते आणि गप्प होते." मी म्हटलं, गप्प म्हणजे? ती म्हणाली, "हे बघ, आत्ता," आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. ओठांभोवती निळं दिसतंय म्हणाली. नऊ, दहा, अकरा. मी ओरडले, तळपायाला टिचकी मार. टिचकी मारल्यावर तिने श्वास घेतला. तो फोनवरून मला ऐकू आला.

मोठ्या मुलांना उबळीनंतर श्वास आत ओढताना तो लांबलचक आवाज येतो, त्यावरून आजार कळतो. इतक्या तान्ह्या बाळाला तो येईलच असं नाही, त्याचा श्वासच थांबतो. भाची बरेच दिवस रुग्णालयात होती. वाचली, आज माझ्यापेक्षा उंच आहे. माझ्या लहानपणच्या सगळ्या लसी वेळेवर झालेल्या होत्या. डांग्या खोकल्याच्या लसीचं संरक्षण वर्षांमागून वर्षं ओसरत जातं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

आता लेकाच्या डोसांचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे दोन महिने. भाऊजींचा नकार त्यापुढे काहीच नाही.

गोवर-गालगुंड-रुबेलाची लस जिवंत असते, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, हे खरं. पण ती घेतलेल्या मुलाकडून घरच्यांना तो लसीतला गोवर लागत नाही. घरात केमो चालू असलेलं माणूस असो की गरोदर बाई, मुलाला ही लस द्यायला हरकत नाही. उलट अशा घरात ती वेळेवर द्यावी असंच सांगतात. जिवंत लस तुम्हाला स्वतःला गरोदरपणी आणि सासूबाईंना केमो चालू असताना टोचायची नसते. तुमच्या ओळखीच्या बाईंनी हा नियम कुठेतरी ऐकला असणार, फक्त तो उचलून भलत्याच माणसाला लावला.

कांजिण्यांच्या लसीचं थोडं निराळं आहे. लस दिल्यावर काही मुलांच्या अंगावर मोजके फोड उठतात, आणि तसे फोड उठलेल्या मुलाकडून लसीतला विषाणू दुसऱ्याला गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. इतक्या वर्षांत आणि एवढ्या कोट्यवधी डोसांनंतरही त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. तेव्हा डोस द्या आणि पुढचा महिना-दीड महिना अंघोळीच्या वेळी त्याची पाठ, पोट, केसांची मुळं बघत जा. पाण्याने भरल्यासारखे फोड दिसले, तर खपल्या धरेपर्यंत त्याचं अंथरूण आजीजवळ नको, आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना कळवा. फोड नसतील तर कुशीत झोपू दे.

समोरच्या पारड्यात काय आहे तेही बघा. खरा गोवर झालेलं माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. ज्यांना संरक्षण नाही असे दहा जण गोवराच्या माणसाजवळ आले, तर त्यातल्या नऊ जणांना तो होतो. आणि तो पसरायला लागतो अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून. म्हणजे लेकाला नुसती सर्दी आहे, डोळे जरा लाल आहेत, असं म्हणत चार रात्री आजीशेजारी निजवाल आणि पाचव्या दिवशी पुरळ दिसेल. तुम्ही आजीला जपण्यासाठी डोस पुढे ढकललात, आणि आजीशेजारी दर रात्री एक अपुरं संरक्षण असलेलं मूल निजत राहिलं. उद्याच्या उद्या वेळ घ्या.

लसीतला जंतू शरीराबाहेर पडतो अशाही लसी आहेत, पण त्यांची वाट वेगळी. बाळ दीड महिन्याचं झालं की रोटाव्हायरसची लस तोंडातून मिळेल. तिच्यातला विषाणू पुढे काही दिवस बाळाच्या शीमध्ये सापडतो. लस द्यायचीच. फक्त त्या काळात बाळाचे लंगोट सासूबाईंनी बदलायचे नाहीत, आणि जो बदलेल त्याने साबणाने हात धुवायचे. तोंडावाटे देतात ती पोलिओची लसही अशीच शीवाटे बाहेर पडते. ती द्यायची की पोलिओची टोचायची लस, हे बाळाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि घरात केमोचा रुग्ण आहे हे न विसरता सांगा. लेकाला फ्लूची लस देताना नाकात फवारायची सुचवली, तर टोचायची मागून घ्या. फवाऱ्यात जिवंत विषाणू असतो, सुईतल्या लसीत नसतो. सासूबाईंसारख्या रुग्णांसाठी फवाऱ्याचा धोका थोडाच आहे, पण दुसरा पर्याय हाताशी असताना तेवढाही कशाला?

आता भाऊजी.

"कोणी लिहून देईल का?" नाही, कोणीच देणार नाही, मीही नाही. त्यांचा प्रश्न मला आवडला. बरेच जण लस नको म्हणतात आणि कारण विचारलं की गडबडतात. यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. लसीची कामं दोन असतात. एक, घेतलेल्या माणसाला आजारी पडू न देणं. दुसरं, त्याच्यातून आजार पुढे जाऊ न देणं. ही दोन कामं एकच आहेत असं आपण सगळेच धरून चालतो आणि लोकांना सांगतानाही तसंच सांगतो, तिथे घोटाळा होतो.

डांग्या खोकल्याचंच घ्या. अमेरिकेत बबून माकडांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली छापून आले. हल्लीची, कमी त्रास देणारी लस दिलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू त्यांच्या घशात आठवडेच्या आठवडे राहिला आणि लस न दिलेल्या शेजारच्या माकडाला त्यांच्याकडून लागला. पहिलं काम चोख, दुसरं कच्चं. म्हणूनच बाळाभोवतीच्या सगळ्यांना लस देऊन कोश विणायचा हा जुना बेत एकटा पुरला नाही. शिवाय कोश विणायचा तर आई येते, बाबा विसरतात आणि काका (माफ करा भाऊजी) येतच नाहीत. त्यापेक्षा आईमार्फत थेट बाळालाच संरक्षण द्यावं, हा विचार पुढे आला. गोवराची लस याच्या दुसऱ्या टोकाला. दोन डोस झालेल्या शंभरातल्या ९७ जणांना गोवर होतच नाही, आणि ज्याला होत नाही तो पुढे काय देणार?

त्यांनी कोविडचं उदाहरण दिलंय, तेही पुरतं सांगते. २०२१ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या लाखो घरांची नोंद तपासली गेली. लस घेऊनही ज्यांना कोविड झाला, त्यांच्याकडून घरच्यांना लागण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांच्या मानाने ४० ते ५० टक्के कमी होतं. हे ऐकून आम्ही खूश झालो होतो. मग कोविडच्या विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला. तिथल्याच एका लहान पण बारकाईने केलेल्या अभ्यासात दिसलं, की लस घेतलेल्या रुग्णाच्या घरात २५ टक्के लोकांना लागण झाली आणि न घेतलेल्याच्या घरात २३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. भाऊजींकडून दादाला गेला, त्यात नवल नाही. पण त्याच अभ्यासात उलट बाजूनेही मोजलं होतं. घरात रुग्ण असताना लस घेतलेल्यांपैकी २५ टक्क्यांना लागण झाली, न घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. रुग्णाने घेतलेल्या लसीने घरच्यांना फारसं वाचवलं नाही. ज्याने घेतली, त्याला स्वतःला तिने थोडं वाचवलं.

घर ही लसीची सगळ्यात अवघड परीक्षा आहे, त्यामुळे हे आकडे असे निघतात. रस्त्यात कोणी शिंकलं तर दोन सेकंदांचा संबंध. घरात तीच हवा रात्रभर, तोच टॉवेल, तोच रिमोट, आणि आठवडाभर तेच. बाहेर जी लस बऱ्यापैकी टिकाव धरते, ती घरात धापा टाकते.

मग भाऊजींनी कशाला घ्यावी? घरापर्यंत येणारी वाट तोडण्यासाठी. त्यांना फ्लू झाल्यावर लस आईला किती वाचवेल याची मी खात्री देत नाही. पण फ्लू त्यांना व्हायचाच टळला, तर पुढचा प्रश्नच येत नाही. फ्लूची लस काही गोवराच्या तोडीची नाही. फिरणाऱ्या विषाणूशी तिचा मेळ जुळला त्या वर्षी ती ४० ते ६० टक्के आजार टाळते, एखाद्या वर्षी त्याहून कमी. सोयीसाठी निम्मं धरू. समजा, या मोसमात तुमचे यजमान, भाऊजी आणि लेक यांच्यातल्या प्रत्येकाला फ्लू होण्याची शक्यता दहात एक आहे. हा आकडा मी निव्वळ हिशेबाला घेतलाय. कोणीच लस घेतली नाही, तर तिघांपैकी कोणीतरी फ्लू घरात आणण्याची शक्यता शंभरात २७ येते. तिघांनी घेतली तर १४. भाऊजी एकटे राहिले तर १९.

हा हिशेब एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि तो दोघांनीही वाचा. भाऊजींना दिसेल की त्यांच्या एका सुईने १९ चे १४ होतात, आणि ते त्यांच्या आईच्या खात्यात जमा होतात. तुम्हाला दिसेल की त्यांनी नाही घेतली तरी सगळं बुडालं असं नाही, २७ चे १९ तुमच्या हातात आहेत. तुमच्या पत्रात मुलाच्या फ्लूच्या लसीचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते, ती ठरलीये ना? कॅनडात हटराइट पंथाचे लोक वस्त्या करून राहतात, शेती, जेवणखाण सगळं सामाईक. तिथल्या ४९ वस्त्यांमध्ये २००८-०९ च्या मोसमात एक प्रयोग झाला. काही वस्त्यांत फक्त ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्या वस्त्यांत मुलांना दुसरीच एक लस दिली. जिथे मुलांना फ्लूची मिळाली, तिथे लस न घेतलेल्या बाकीच्या मंडळींमध्ये फ्लू ६१ टक्क्यांनी कमी झाला. सुई मुलांना टोचली आणि वाचली त्यांची आजी. माझ्या नकाशावरची ती फिरती रेघ आठवा.

सासूबाईंनी स्वतःची फ्लूची लसही घ्यायची आहे. केमोमुळे त्यांचं शरीर तिला पुरता प्रतिसाद देणार नाही, म्हणूनच भोवतालच्यांवर एवढा भर दिला जातो. पण अर्धामुर्धा प्रतिसादही फुकट जात नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये कधी टोचायची, ते त्यांचे कर्करोगाचे डॉक्टर ठरवतील. एक उलटी वाटही लक्षात असू द्या. केमोच्या काळात नागीण उठू शकते, आणि नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून तान्ह्या बाळाला कांजिण्या होऊ शकतात. सासूबाईंना अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड आले, तर ते झाकायचे, बाळ दूर ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तुम्हाला स्वतःला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, हेही आईला आजच विचारून ठेवा.

बोलणं कसं सुरू करायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी आगाऊपणा करते. लसीवर वाद घालू नका. सासूबाईंच्या पुढच्या केमोला यजमानांऐवजी भाऊजींना पाठवा. चार तास आईच्या शेजारच्या खुर्चीत बसतील, सलाईनचे थेंब बघतील, आणि डॉक्टरांना तोच प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारतील. वहिनीने सांगितलेलं आणि आईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, यांत फरक पडतो. मला स्वतःला नवऱ्याने सांगितलेलं काहीही कधी पटलेलं नाही.

"खोकला झाला की मी लांब राहीन," असं ते म्हणाले तर त्यांना एवढंच सांगा, की फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरतो. ज्या दिवशी त्यांना बरं वाटत असतं, त्याच दिवशी ते आईला औषध द्यायला तिच्या खोलीत जातात. तरीही लांब राहण्याचा शब्द घ्याच. घरात कोणीही खोकलं, शिंकलं, अंग कसकसलं, तर त्याने सासूबाईंच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खिडक्या उघड्या, समोर आलंच तर मास्क. हा नियम लस घेतलेल्यांनाही लागू, आणि आधी तुम्हाला. लस घेतलेली माणसंच सर्दी अंगावर काढत बिनधास्त वावरतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

इतकं करून काही घरात आलंच, तर घड्याळ बघायचं. शाळेतून निरोप आला की वर्गात गोवर निघालाय, तर ज्याचे डोस राहिलेत त्याला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तरी उपयोग होतो. तुम्ही, सासूबाई, तान्हं बाळ यांच्यासाठी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, तेही सहा दिवसांच्या आत. कांजिण्यांमध्ये लस शक्यतो तीन दिवसांत, फार तर पाच. डांग्या खोकला ठरला, तर घरातल्या सगळ्यांना अँटिबायोटिक देतात, लस झालेल्यांनाही, आणि रुग्णाची पाच दिवसांची औषधं होईपर्यंत त्याने बाळाजवळ जायचं नाही. या सगळ्यात "उद्या बघू" चालत नाही, त्याच दिवशी फोन करायचा. तीन नंबर, तुमच्या, मुलाच्या आणि सासूबाईंच्या डॉक्टरांचे, त्या फ्रिजवरच्या कागदावर हिशेबाखाली लिहून ठेवा.

आणि बाळ भाऊजींच्या हातात द्यायचं का? द्या की. लस घेतली नसली तरी द्या, पण खोकला किंवा ताप असेल त्या दिवशी नाही, आणि ओठावर जर, म्हणजे पाण्याचे बारीक फोड, आले असतील तर अजिबात नाही. त्या फोडांतला विषाणू तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. आधी हात धुवायचे. तोंडाचा आणि हातांचा पापा घ्यायचा नाही, कारण हात लगेच तोंडात जातात. पायाचा घेतला तर मी काही बोलणार नाही.